फोनला भुवया दिसत नाहीत

सकाळी सहाला ओहोटी लागली तेव्हा वेरेनाइसी आणि तिची आत्या तोरिका नदीत छातीभर पाण्यात उभ्या होत्या. पायाच्या बोटांनी गाळ चाचपायचा, टणक काही लागलं की दम भरून खाली जायचं, दोन्ही हातांनी चिखल खरवडायचा आणि हाती आलेल्या शिंपल्या तरंगत्या ट्यूबवर बांधलेल्या बादलीत टाकायच्या. जुलै सरत आला होता, तिकडचा हिवाळा. पाणी गार, वरून झिमझिम. वरच्या अंगाला यंत्रानं वाळू उपसायला लागल्यापासून शिंपल्या खोल गेल्या होत्या. पूर्वी कमरेएवढ्या पाण्यात भागायचं, आता बुड्या माराव्या लागत.

बादली आईची होती. कडी हाताला रुतू नये म्हणून आईनं तिला निळं फडकं गुंडाळलं होतं, ते अजून तसंच होतं. आईला जाऊन बासष्ट रात्री झाल्या होत्या.

वेरेनाइसी वर आली. हातात चार शिंपल्या.

"चार?" आत्या म्हणाली. "तुझी आई एका दमात बारा-तेरा आणायची."

"मी आई नाही आत्या."

"नाहीसच. ती पाण्यात बोलत नव्हती. बोललीस की दम गेला."

नऊच्या सुमाराला त्या काठावर आल्या. आत्यानं शिंपल्या पोत्यात भरल्या आणि ती नौसोरीच्या बाजाराकडे जाणाऱ्या गाडीत चढली. वेरेनाइसी घरी आली, टाकीच्या पाण्यानं अंग धुतलं, सुतकाचा काळा झगा घातला. केसांतला चिखल एका धुण्यानं जात नाही; तिला दुसऱ्या धुण्याइतका वेळ नव्हता.

ओट्यावर तिचे वडील इलिआसेरी नारळ खोवत बसले होते. साखरेच्या आजारात त्यांचा डावा पाय अर्ध्यातून गेला होता, तेव्हापासून मळ्यातलं काम सुटलं आणि बसून होईल तेवढं सगळं त्यांच्याकडे आलं. दाढी छातीकडे निघाली होती. सुतक शंभर रात्रींचं; शंभराव्या रात्रीपर्यंत घरातल्या प्रत्येकानं काहीतरी वर्ज्य केलं होतं. वडिलांनी वस्तरा. आत्यानं चहातली साखर. वेरेनाइसीनं काहीच नाही. तिला खरं तर बोलणं सोडायचं होतं, पण तिला पगार बोलण्याचाच मिळत होता.

"कंद बांधलेत," वडील म्हणाले. "नारळाचं दूध वेगळं आहे, सांडू नकोस."

तिनं भुवया वर उडवल्या. गावात 'हो' म्हणायला एवढं पुरतं.

* * *

राजधानी सुव्यातल्या, तिच्या कामाच्या इमारतीचा तिसरा मजला बर्फासारखा थंड ठेवलेला असे, यंत्रांसाठी. चाळीस जण रांगांत बसून ऑस्ट्रेलियातल्या म्हाताऱ्या माणसांना फोन करत आणि त्यांना त्यांच्याच अंत्यविधीचा विमा विकत. तासाला चार डॉलर ऐंशी सेंट. लघवीला दिवसाकाठी आठ मिनिटं. नववं मिनिट लागलं की पडद्यावरचं हिरवं नाव लाल होई आणि पगार थांबे. लाइन पडली, वीज गेली, तरी थांबे. सिडनीच्या कचेरीतले लोक प्रत्येकाचे महिन्याला दोन-तीन फोन ऐकून गुण देत; सहा महिने सरासरी पंच्याऐंशी गुण राखले तर नोकरी कायम, तासाला सहा डॉलर, आणि आजारपणाची रजा. वेरेनाइसीचे सहा महिने ऑगस्टच्या अखेरीला भरत होते. तिची सरासरी शहाऐंशी होती.

आत जाताना मोबाइल कपाटात ठेवून कुलूप लावायचं. प्रत्येकाच्या टेबलावर फोनशेजारी हाताएवढा आरसा टांगलेला होता. हसतमुख राहिलं की आवाज हसतो, असं शिकवणीत सांगितलं होतं.

"आलीस का गं, गाळातली बेडकी?" शेजारची सुलुएती ओरडली. "वास दारापासून येतोय. गिऱ्हाइकं चक्कर येऊन पडतील."

"फोनात नाक नसतं. म्हणून तर तुझ्यासारखीला ठेवलंय इथे."

सुलुएतीनं हसत तिच्या पिशवीत हात घातला आणि कंदाचा सगळ्यात मोठा तुकडा उचलून तोंडात टाकला. दोघींच्या गावांचं मूळ दैवत एक. अशी माणसं एकमेकांची तौवू. त्यांनी भेटल्यावर शिव्या द्यायच्या, न विचारता वस्तू उचलायच्या आणि कुणी रागवायचं नाही. आईच्या मातीला सुलुएती आली होती. तेव्हा ती शिव्या न देता बसली होती, म्हणून वेरेनाइसीला पहिल्यांदा रडू फुटलं होतं.

त्यांच्या रांगेचा मुकादम शालेश. बा गावच्या ऊसवाल्यांतला, पस्तिशीचा, दोन मुलांचा बाप, पोटाच्या गोळ्या खिशात ठेवणारा. वाईट माणूस नव्हता. पहिल्या आठवड्यात वेरेनाइसी गिऱ्हाइकाच्या प्रत्येक प्रश्नाला भुवया उडवायची आणि पलीकडून "हॅलो? हॅलो?" व्हायचं, तेव्हा तो तिच्या खुर्चीमागे उभा राहून म्हणाला होता, "वेरे, फोनला भुवया दिसत नाहीत. तोंडानं हो म्हण."

आई बाजारात कोसळली त्या दिवशी तोरिका आत्यानं अकरा वेळा फोन लावला होता. मोबाइल कपाटात होता. चारच्या सुट्टीत वेरेनाइसीनं कुलूप उघडलं, तोवर आईला जाऊन तास झाला होता. तीन दिवसांची रजा मिळाली. चौथ्या दिवशी ती परत आरशासमोर होती.

* * *

तो फोन त्या दिवशी जेवणानंतर लागला. पडद्यावर नाव आलं, वॉल्टर. वय एकोणऐंशी.

"नमस्कार, वॉल्टर आहेत का?"

"कोण बोलतंय?" बाईचा आवाज.

"मी सॅली बोलतेय." कामावर तिचं नाव सॅली होतं. "त्यांनी आमच्याकडे एक अर्ज भरला होता."

"वॉल्टर नाही गं," बाई म्हणाली. "मंगळवारी गेला."

पडद्यावर हिरव्या अक्षरांत पुढचं वाक्य उमटलं. ते तिला पाठ होतं: तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, आणि म्हणूनच आता तुमच्या स्वतःच्या बाबतीत उशीर करू नका. यानंतर जन्मतारीख विचारायची.

वेरेनाइसीनं तोंड उघडलं. आरशात तिला आईचा जबडा दिसला. तिनं तोंड मिटलं.

पलीकडे बाई रडत होती. मोठ्यानं नाही, धाप लागल्यासारखं. मग ते थांबलं. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, आणि लांब कुठेतरी कुत्रं. वेरेनाइसीनं हात मांडीवर घेतले. पाठ सरळ केली.

बऱ्याच वेळानं बाई म्हणाली, "आहेस का तू?"

"आहे."

पुन्हा कुणी बोललं नाही. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ लाल झालं. सुलुएतीनं स्वतःच्या गिऱ्हाइकाशी बोलता बोलता तिच्या खुर्चीला लाथ मारली. वेरेनाइसी हलली नाही.

पलीकडे किटली शिटी घालू लागली.

"बरं," बाई म्हणाली. "चहा करते मी आता."

तेव्हा वेरेनाइसीनं दोन्ही तळवे पोकळ करून तीनदा सावकाश टाळी वाजवली. गावात दुःखाच्या घरातून उठताना वाजवतात तशी. हात आपणहून गेले. मग फोन ठेवल्याचा आवाज आला.

चार मिनिटं वीस सेकंद.

* * *

दुसऱ्या दिवशी शालेशनं तिला काचेच्या खोलीत बोलावलं. टेबलावर दोन कागद होते.

"शून्य दिलंय," तो म्हणाला. "सिडनीहून. चार मिनिटं मुकी लाइन, विमा सुचवला नाही, आणि शेवटी, हे बघ, 'टेबल आपटल्याचा आवाज'. काय केलंस तू?"

"टेबल आपटलं नाही सर."

"बरं, नसेल. ऐक, या शून्यानं सरासरी ऐंशीवर येते. म्हणजे ऑगस्टअखेर तू घरी. पण हा दुसरा कागद आहे. यावर सही केलीस की शून्याचे पंच्याहत्तर होतात, आणि तू कायम. सगळे करतात. मीही केलीय दोनदा."

तिनं वाचलं. *मी कामाच्या वेळेत विनाकारण गप्प राहिले. ही माझी चूक आहे. पुन्हा होणार नाही.*

"'विनाकारण' हा शब्द खोडता येईल का?"

"छापील आहे ते, वेरे."

"मग मला वेळ द्या."

"सात दिवस." त्यानं खिशातली गोळी काढून चघळली. "शाई आहे नुसती. मोठं काही समजू नकोस."

आत्यानंही रात्रीच्या जेवणाला तेच सांगितलं. "शाई ती. मी बाजार समितीच्या कितीतरी कागदांवर अंगठे दिलेत, माझं काय गेलं? सहा डॉलर तासाला! तुझ्या बापाच्या गोळ्या काय शिंपल्यांवर येतात?"

"येत नाहीत."

"मग?"

वेरेनाइसी माशाचे काटे काढून वडिलांच्या पानात ठेवत होती. त्यांनी मासा खाल्ला, पाणी प्यायलं.

"त्या बाईचा नवरा," ते म्हणाले, "काय काम करायचा?"

"विचारलं नाही."

"बरोबर. विचारायचं नसतं."

आणि त्यांनी आणखी थोडं नारळाचं दूध मागितलं. आत्यानं नणंदेच्या तोऱ्यात रिकाम्या भिंतीकडे बघून, मेलेल्या वहिनीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं, "बघ गं बाई, जसा बाप तशी लेक. तू सुटलीस."

* * *

नोकरीला लागताना सगळ्यांनी सतरा पानांच्या करारावर सही केली होती. वाचला कुणीच नव्हता. वेरेनाइसीनं तो बसमध्ये वाचायला घेतला, जाताना दोन पानं, येताना दोन. नवव्या पानावर खालच्या अंगाला लिहिलं होतं की गुण मान्य नसतील तर कामगार लेखी हरकत घेऊ शकतो, आणि मग सिडनीच्या माणसानं त्याच्यासमोर तो फोन ऐकून उत्तर द्यायचं.

पाण्यात कापलेल्या बोटांना चिंधी बांधून तिनं रविवारी चर्चहून आल्यावर हरकत लिहिली. एक पान. दोन मुद्दे. पहिला, मी विनाकारण गप्प नव्हते, फोन लावून ऐका. दुसरा, कपाटात मोबाइल ठेवणं मान्य आहे, पण घरचा निरोप आला तर कुणीतरी येऊन खांद्याला हात लावावा, अशी सोय करा.

शालेशनं तो कागद दोनदा वाचला.

"दुसरा मुद्दा कशाला? त्याचा या फोनशी काय संबंध?"

"आहे सर."

"असं आजवर कुणी दिलं नाही. मला हे पाठवायचं कसं तेसुद्धा माहीत नाही."

"नवव्या पानावर आहे."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या बोटांवरच्या चिंध्यांकडे. "सहीचा कागद ड्रॉवरमध्ये ठेवतो," तो म्हणाला. "विचार बदलला तर सांग."

पुढचे बारा दिवस काही झालं नाही. ती पहाटे पाण्यात जाई आणि अकराला आरशासमोर बसे. सरासरी पडली होती, म्हणून तिला ताज्या नावांची यादी मिळेना. उरलेली यादी मिळे, ज्यांनी आधीच तीनदा फोन आपटलेला असे. शिव्या मिळत. एका म्हाताऱ्यानं विचारलं, तू कुठल्या जंगलातून बोलतेस? ती म्हणाली, "तिसऱ्या मजल्यावरून, साहेब," आणि जन्मतारीख विचारली. त्यानं सांगितली. विमा घेतला.

"सॅलीबाई," सुलुएती म्हणाली, "सही करून टाक की गं म्हशी. तू गेलीस तर मी शिव्या कुणाला देऊ? या बाकीच्यांना दिल्या तर तक्रार होते."

"त्या शालेशला दे."

"त्याचं दैवत वेगळं आहे."

* * *

आई गेल्यापासूनच्या ब्याऐंशीव्या दिवशी सिडनीहून फोन आला. काचेच्या खोलीत टेबलाच्या मध्यावर यंत्र ठेवलेलं, त्याच्या एका बाजूला शालेश, दुसऱ्या बाजूला वेरेनाइसी. पलीकडे ब्रॉनविन नावाची बाई होती. आवाज घाईचा, पण कडवट नाही.

त्यांनी तो फोन पूर्ण ऐकला. चार मिनिटं वीस सेकंद तिघंही गप्प होते, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. घड्याळ, कुत्रं, किटली. मग तीन टाळ्या. यंत्रातून त्या भांड्यात पाणी पडावं तशा ऐकू आल्या.

"हा आवाज कसला?" ब्रॉनविननं विचारलं.

"टाळी," वेरेनाइसी म्हणाली. "आमच्याकडे कुणाचं माणूस गेलं की लोक जाऊन बसतात. बोलत नाहीत. उठताना अशी टाळी वाजवतात."

"पण तू तिच्या घरी नव्हतीस. तू कामावर होतीस."

"हो."

"आणि हे काही आपल्या नियमांत बसत नाही."

"मेलेल्या माणसाला फोन लावणंही बसत नाही, बाईसाहेब. यादी तुमच्याकडून येते."

शालेशनं डोळे मिटले.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला. "ठीक आहे. मला एकच विचारायचंय. पुन्हा असाच फोन लागला, तर तू पुन्हा गप्प बसशील?"

वेरेनाइसीनं भुवया उडवल्या.

यंत्र टेबलावर नुसतं बसून होतं. शालेशनं तिच्या भुवया पाहिल्या होत्या. तो याच मातीत जन्मलेला, त्याला त्या वाचता येत होत्या. त्यानं एकदा तिच्याकडे, एकदा ड्रॉवरकडे पाहिलं आणि यंत्राकडे वाकून म्हणाला, "ती नाही म्हणतेय, मॅडम."

"असं का? मग काही प्रश्नच—"

"सर चुकले," वेरेनाइसी म्हणाली. तिचा आवाज चिरका निघाला. तिनं दम घेतला, बुडी मारण्याआधी घेतात तेवढा. "मी हो म्हणतेय. भुवया उडवल्या मी. तुम्हाला दिसल्या नाहीत. बाईचं माणूस मंगळवारी गेलं असेल तर मी पुन्हा गप्प बसेन. बाकी सगळ्या दिवशी विमा विकेन. माझी सरासरी बघा."

पलीकडून काही आलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा दहावरून वीसवर गेला. काचेबाहेर सुलुएती हिरवं नाव लाल करून उभी होती, तिचा पगार थांबला होता. काटा चाळीसवर गेला. शालेश पुढे वाकला, लाइन तुटली का बघायला, आणि वेरेनाइसीनं हात वर करून त्याला थांबवलं.

"लेखी कळवते," ब्रॉनविन शेवटी म्हणाली आणि फोन ठेवला.

शालेशनं गोळी काढली, पण तोंडात टाकली नाही. "मी तुला वाचवत होतो, वेरे."

"माहीत आहे सर."

"माझीही सरासरी असते. तुमची पडली की माझी पडते."

"तेही माहीत आहे. पण तुम्ही माझ्या तोंडून 'नाही' म्हणालात. मग माझ्याजवळ काय उरलं असतं?"

त्यानं गोळी परत खिशात टाकली. तिनं खुर्ची आत सरकवली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. त्या दुपारी तिचे तीन विमे खपले.

* * *

उत्तर चौदा दिवसांनी आलं. चार ओळी. सदर फोन सरासरीत धरू नये. कबुलीपत्र आवश्यक नाही. संबंधित क्रमांक यादीतून काढला आहे. कामगारास करारानुसार कायम करावं. दुसऱ्या मुद्द्यावर एक अक्षर नव्हतं. चूक कुणाची, तेही नव्हतं.

"एवढंच?" सुलुएती म्हणाली. तिनं न विचारता कागद ओढून घेतला आणि दोन्ही बाजू उलटून पाहिल्या. मग आपल्या पिशवीतून एक चुरगळलेला कागद काढून वेरेनाइसीच्या मांडीवर टाकला. तिचं स्वतःचं जूनमधलं शून्य, नऊ मिनिटं संडासात बसल्याचं, खाली तिची सही. "नववं पान मलाही वाचून दाखव. पण हळू वाच, मी तुझ्यासारखी चिखलात शिकलेली नाही."

शंभराव्या रात्रीच्या तयारीसाठी वेरेनाइसीनं दोन दिवसांची रजा मागितली. बिनपगारी मिळाली. त्या संध्याकाळी ती कपाटातून मोबाइल काढायला गेली तर कपाटांवर एक कोरा कागद चिकटवलेला होता. त्यावर हातानं एक नंबर लिहिला होता आणि खाली: *घरी हा नंबर द्या. निरोप आला तर मी येऊन सांगेन. शालेश.* नंबर कंपनीचा नव्हता, त्याचा स्वतःचा होता. चिकटपट्टी एका कोपऱ्यातून सुटत होती. तिनं ती अंगठ्यानं दाबून बसवली. मग नंबर आत्याला पाठवला.

शंभराव्या दिवशी सकाळी अंगण चटयांनी भरलं. नदीपलीकडची माणसं कंदांचे भारे घेऊन आली, बायकांनी चुली पेटवल्या. तोरिका आत्यानं पहिल्या चहात तीन चमचे साखर घातली, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "सवय मोडली मेली," ती म्हणाली, पण कप रिकामा केला.

वडील मागच्या दारी ओंडक्यावर बसले होते. खांबाच्या खिळ्याला छोटा आरसा, मांडीवर पाण्याचं भांडं. शंभर दिवसांची दाढी आधी कात्रीनं उतरवावी लागली. मग त्यांनी वस्तरा धरला. गालाच्या कातडीचा रंग उघडा पडत गेला, उन्हात न गेलेला, फिकट.

वेरेनाइसी त्यांच्या मागे टॉवेल घेऊन उभी होती. नोकरीचं तिनं घरात अजून सांगितलं नव्हतं. आजचा दिवस आईचा होता.

वडिलांनी वस्तरा भांड्यात बुडवला, झटकला.

"झालीस का कायम?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

तिनं भुवया उडवल्या.

वडिलांनी आरशात पाहिलं. क्षणभर वस्तरा हवेत थांबला. मग त्यांनी मान किंचित वर केली आणि गळ्याकडची उरलेली दाढी काढायला घेतली.